जागेवरच चिरलेला फणस: कटर, बार आणि चेनच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

यंदाचा मान्सून २५ मे रोजीच देवगडात पोचला आणि त्याच आठवड्यात आमच्या घराखालच्या बागेतला जुना फणस मुळासकट आडवा झाला. जांभ्या चिऱ्यावरची पातळ माती, आठ दिवस न थांबता पाऊस आणि वरून वारा. झाडाने कुणाचं नुकसान केलं नाही, गडग्याला (दगडी कुंपणाला) समांतर पडलं. पावसाळाभर तसंच पडून होतं. फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे पंचनामा आणि वनखात्याची पाहणी होईपर्यंत हात लावला नाही. कागद गेल्या आठवड्यात हातात आले.

आज माप घेतलं. सरळ खोड नऊ फूट, मधला घेर ८० इंच. लाकूडवाल्यांच्या हिशोबाने घेराचा चौथा भाग २० इंच, म्हणजे वीस गुणिले वीस गुणिले १०८ भागिले १७२८, बरोबर २५ घनफूट. व्यास साडेपंचवीस इंचांच्या आसपास. दोन्ही तोंडांना बोटभर भेगा गेल्यात, पण कुऱ्हाडीने साल काढून पाहिलं तर आत गाभा हळदीसारखा पिवळा, टणक. वाळवी पांढऱ्या लाकडातच थांबली आहे.

जळाऊ म्हणून विकायला दोघांनी भाव सांगितला. पण माजघराचं दार खालून कुजलं आहे, चौकटही गेली आहे, आणि ती दोन्ही फणसाचीच होती. त्या जागी बाजारातलं आयतं दार लावायची माझी तयारी नाही. मिल बावीस किलोमीटरवर, बागेत ट्रॅक्टर उतरत नाही आणि अडीच फुटांच्या पायवाटेवरून एवढा ओंडका वर चढवायचा तर तुकडे करावे लागतील. म्हणून ओंडका आहे तिथेच ठेवून फळ्या पाडायचं ठरवलं.

११ नोव्हेंबर

घरात ५८ सीसीचा कटर (पेट्रोलवर चालणारी चेनची करवत) आहे, वीस इंची बारचा. बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी. फांद्या, नारळ, पोफळी यांना तो पुरतो. ओंडक्याच्या तोंडाशी उभी चीर घेऊन पाहिली. सात-आठ इंच आत गेल्यावर वेग पडला, धूर यायला लागला. चिरेतून बाहेर येत होतं ते बारीक पीठ. दात कापत असतील तर छिलका पडतो. पीठ पडतंय म्हणजे दात नुसते घासतायत.

चूक कटरची नव्हती. लाकूड आडवं तोडताना दात तंतू छेदतो. ओंडका लांबीत चिरताना त्याला तंतूंच्या तोंडावरून, रंध्यासारखं खरवडत जावं लागतं. आडव्या तोडीच्या चेनचा दात वरून तीस अंशांवर घासलेला असतो, त्या कोनाने तो लांबीच्या चिरेत बाजूला ओढला जातो आणि इंजिनवर ताण येतो. शिवाय फळी पाडताना पंधरा-पंधरा मिनिटं कटर फुल थ्रॉटलवर असतो. फांदी तोडायला वीस सेकंद लागतात, तेवढ्यात इंजिन तापतही नाही.

१६ नोव्हेंबर

आठवडाभर विचार केला तो कटर कुठला घ्यावा याचा. पंचवीस इंच रुंदीत चिरायला नव्वद सीसीच्या पुढचं मशीन सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. ‘स्टील’ (Stihl) कंपनीचा एमएस ६६१ हा ९१.१ सीसी आणि ५.४ किलोवॅटचा. हुस्क्वार्नाचा ३९५ एक्सपी ९३.६ सीसी, ४.९ किलोवॅट. त्याच्याही वर एमएस ८८१ आहे, १२१.६ सीसीचा, पण तो बारशिवायच दहा किलोच्या घरात जातो आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर.

मला एकच झाड चिरायचं आहे. पुढे वाडीत एखाद-दुसरं पडेल तेवढंच. शेवटी जुना एमएस ३८२ घ्यायचं ठरवलं. ७२ सीसी, ३.९ किलोवॅट. आपल्याकडचे लाकूड ठेकेदार हा सर्रास वापरतात, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्तीचा हातही मिळतो. पंचवीस इंचांना तो कमी पडणार हे धरूनच चाललोय. जिथे कमी पडेल तिथे चेनने भरून काढायचं. धारेत जो फरक पडतो तो सीसीत पडत नाही, असं माझं मत बनत चाललंय. पुढच्या नोंदींत ते खरं-खोटं कळेलच.

२२ नोव्हेंबर

कटर आला. विकणाऱ्याने ‘चालू स्थितीत’ म्हणून दिला होता. सुरू झाला, पण आयडलवर टिकेना. मध्येच वेग आपोआप चढे, मग खाली येई, मग बंद. कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरवला तरी एका जागी बसेना. हे लक्षण इंधनाचं नसतं, कुठूनतरी चोरून हवा आत जात असते.

आयडलवर चालू ठेवून कार्बोरेटर क्लीनरचा फवारा एकेका सांध्यावर मारत गेलो. सिलिंडर आणि कार्बोरेटरमधल्या रबरी बूटवर फवारा पडताच आवाज बदलला. उघडून पाहिलं तर बूटच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर. दिसतही नव्हती, वाकवल्यावर तोंड उघडायची. असा कटर फणसात घातला असता तर त्या चोरट्या हवेने मिश्रण पातळ होऊन पिस्टन तासाभरात घासला असता. नवा बूट, नवा इंधन फिल्टर, नवा प्लग. गॅप अर्धा मिलिमीटर. सायलेन्सर उतरवून आत टॉर्च मारली, पिस्टनवर उभे ओरखडे नाहीत. हे आधी पाहायला हवं होतं, पैसे देण्याआधी. जुना कटर घेणाऱ्याने सायलेन्सरचे स्क्रू काढून पिस्टन बघितल्याशिवाय व्यवहार करू नये.

२९ नोव्हेंबर

बार तीस इंची. फळी पाडायची चौकट बारला दोन्ही टोकांना धरते, त्यात चार-पाच इंच जातात. म्हणजे हातात पंचवीस इंच उरतात आणि ओंडका साडेपंचवीस. बाजूच्या फुगवट्या लहान कटरने छाटून घेतल्या की बसेल. छत्तीस इंची बारचा मोह झाला होता. पण बार लांब झाला की चेनही लांब, दात जास्त, घर्षण जास्त, आणि ते सगळं ओढायचं त्याच ७२ सीसीने. गरजेपेक्षा लांब बार घेऊ नये.

चेन घेताना तीन आकडे जुळावे लागतात: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी) आणि ड्राईव्ह लिंक (खाचेत बसणाऱ्या त्या लिंकची संख्या). माझ्या बारला तीन-अष्टमांश पिच, १.६ मिलिमीटर गेज, ९८ लिंक. दुकानदाराने पाठवलेली पहिली चेन दिसायला तशीच, लिंकही ९८. बारवर चढवून बोटाने बाजूला ढकलली तर डुलत होती. व्हर्नियर लावला: लिंकची जाडी १.५. एक दशांश मिलिमीटरचा फरक, पण खाचेत डुलणारी चेन सरळ चिरत नाही, वळवळते आणि बारच्या कडा आतून खाते. परत पाठवली. चार दिवस त्यात गेले.

दाताचा प्रकारही निवडावा लागतो. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल वेगाने कापतो, पण कोपरा एकदा बोथट झाला की संपलं. गोल कोपऱ्याचा सेमी चिझल थोडा सावकाश कापतो, मात्र मळलेल्या, सुकलेल्या लाकडात धार टिकवून धरतो. सहा महिने जमिनीवर पडलेल्या, सालीत चिऱ्याची माती भरलेल्या फणसाला मी सेमी चिझल घेतला. दोन चेन आणल्या.

३ डिसेंबर

फळ्या पाडायची तयार चेन जवळपास कुठे मिळाली नाही, म्हणून साधीच चेन घासून तशी करतोय. तीस अंशांवरून दहावर आणायची. कानस ५.२ मिलिमीटरची गोल.

पायरीवर बसून बार लाकडी शिकंज्यात धरला. कागदावर दहा अंशांची रेघ काढून तो कागद बारच्या खाली चिकटवला, कानस त्या रेघेला समांतर ठेवायची. आतून बाहेर एकाच दिशेने ढकलायचं, परतताना उचलायची. दाताची बाजूची कड जिथे वरच्या पात्याला मिळते, तिथे बोथट असताना एक पांढरी रेघ चमकते. कानस जसजशी खाते तसतशी ती रेघ बारीक होत जाते आणि एका फेरीला नाहीशी होते. त्या क्षणी थांबायचं. नख टेकवलं तर नखाचा पापुद्रा निघतो.

एका चेनवर ४९ दात. पहिल्या वेळी कोन बदलायला प्रत्येक दाताला बारा ते पंधरा फेऱ्या लागल्या. सकाळी बसलो तो दुपारच्या जेवणापर्यंत. पुढच्या वेळांना दोन-तीन फेऱ्या पुरतील. रेकर म्हणजे दातापुढचा तो बुटका खांब, तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावा. गेज लावून तपासला, ठीक आहे.

६ डिसेंबर

आजचा पूर्ण दिवस ट्यूनिंग. नेहमी ज्यावर कमी बोललं जातं ते हेच काम आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंधनापासून सुरुवात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे स्क्रू त्याच जागी असला तरी इंजिनला मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ मिळतं. पाच-सहा वर्षांपूर्वी जुळवलेला कटर आज तसाच चालवला तर गरम पडतो. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. म्हणून त्या दिवसापुरतंच मिश्रण करतो, उरलं तर मोटारसायकलच्या टाकीत.

तेल लिटरला २५ मिली, म्हणजे १:४०. कंपनीचं तेल असेल तर १:५० चालतं, २० मिली. जास्त तेल घातलं की जास्त सुरक्षित असं लोक समजतात. पण जेवढं तेल वाढतं तेवढं जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं, मिश्रण आणखी पातळ होतं. म्हणून आधी तेलाचं प्रमाण पक्कं करायचं, मग स्क्रूला हात. एकदा जुळवल्यावर प्रमाण बदलायचं नाही.

एअर फिल्टर धुऊन वाळवला. धार लावलेली चेन चढवली. पाच मिनिटं चालवून इंजिन गरम केलं. थंड इंजिनवर जुळवलेलं सगळं खोटं ठरतं. आधी एल स्क्रू (कमी वेगाला इंधन देणारा): आयडलवर वेग जिथे सगळ्यात जास्त होतो ती जागा शोधायची आणि तिथून किंचित डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, उघडायचा. थ्रॉटल दाबताच इंजिन अडखळता कामा नये. मग आयडलचा स्क्रू, चेन फिरायची थांबेपर्यंत कमी.

आता एच, जास्त वेगाला इंधन देणारा स्क्रू. फुल थ्रॉटलला, चेन हवेत असताना, कान द्यायचा. स्क्रू बंद करत गेलं की आवाज तीक्ष्ण, एकसुरी, शिट्टीसारखा होतो. ऐकायला जोरकस वाटतो आणि तोच धोक्याचा. उघडत गेलं की त्यात एक फाटकेपणा येतो, हंड्यात पाणी उकळल्यासारखी गुडगुड. ही गुडगुड हवेत असताना ऐकू यायला हवी, आणि चेन लाकडात शिरून भार पडला की आवाज बांधून स्वच्छ व्हायला हवा. लाकडातही गुडगुड राहिली तर इंधन जास्त. हवेतही आवाज स्वच्छ असेल तर कमी. फांद्या तोडणारा माणूस या सीमेच्या जवळ ठेवतो. फळ्या पाडायच्या असतील तर एच आणखी अष्टमांश फेरा उघडा ठेवावा. टॅकोमीटरवर कंपनीने दिलेल्या कमाल वेगापेक्षा सातशे-आठशे फेरे कमी आले. थोडी ताकद जाते, पण ते जादा इंधनच पिस्टनला थंड ठेवतं.

आमचे सुतारकाका गडग्यावर बसून ऐकत होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, कटर कधी हातात धरलेला नाही. मी एच बंद करत नेल्यावर म्हणाले, “मशीन रडता, ऐकाक येता मां तुका?” टॅकोमीटरने ते मला दोन मिनिटांनी सांगितलं.

ओंडक्यात तीन मिनिटं चालवून प्लग काढला. कॉफीच्या रंगाचा, कोरडा. पांढरा असता तर पुन्हा स्क्रूकडे गेलो असतो.

९ डिसेंबर

चौकट बसवली. बारला दोन्ही टोकांना पकडणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्याच्या वरच्या पट्ट्या लाकडावर टेकून सरकतात आणि पट्ट्या ते बार हे अंतर म्हणजे फळीची जाडी. गोल ओंडक्यावर पहिल्या चिरेला टेकायला सपाटी नसते, म्हणून वर रूळ घालावे लागतात. खिडक्या बनवणाऱ्याकडून चार बाय दोनचे दोन ॲल्युमिनियम पाईप आणले, दहा फुटी. दोन्ही तोंडांना आडवी फळी स्क्रूने मारली, पाणसळ लावून दोन्ही एकाच पातळीत आणल्या, त्यावर पाईप. मधोमध पाईप दोन मिलिमीटर झोल खात होता. खाली पाचर सारून तो उचलला. पहिल्या चिरेत जी चूक राहील ती खालच्या प्रत्येक फळीत उतरत जाते, त्यामुळे या मांडणीला अडीच तास लागले तरी घाई केली नाही. काकांचं म्हणणं, “लाकूड खंय पळान जावचा नाय.”

ओंडक्याचं लांबचं टोक पहारीने उचलून सहा इंच उंच केलं. उतारावर चिरताना कटर स्वतःच्या वजनाने पुढे जातो, ढकलावा लागत नाही.

बारच्या नाकाला तेल कमी पोचतं हे माहीत होतं. कटरचा तेलाचा स्क्रू पूर्ण उघडूनही तीस इंचांच्या टोकाला चेन कोरडी पडते. चौकटीच्या खांबाला सलाईनची बाटली उलटी बांधली, नळी नाकाजवळ आणली. नळीवरच्या चाकाने थेंब कमी-जास्त होतात. चिरताना सेकंदाला दोन थेंब, थांबलो की बंद. गाडीचं जळकं तेल वापरायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्यात धातूचा कीस असतो, तो बारला खातो, आणि माझ्या बागेच्या मातीत ते तेल मला नको. चेनचंच तेल वापरलं.

पहिली चीर: नऊ फूट, सतरा मिनिटं. मागे दर दोन फुटांवर लाकडी पाचर, नाहीतर वरची फळी बसून बार चिमटते. शेवटी फुल थ्रॉटलवरून एकदम बंद केलं नाही, मिनिटभर आयडलवर ठेवून इंजिन निवू दिलं. मग वरचा फाळका उचलला.

आत पिवळाधमक. मधूनमधून नारिंगी रेघा, तोंडाकडची भेग चार इंचांत संपलेली. ओल्या फणसाला एक गोडसर वास असतो, गऱ्यांचा नव्हे, नुसत्या लाकडाचा. आम्ही तिघं काही न बोलता बघत उभे होतो. भुसा अंगावर, घामाला चिकटलेला, बनियन पिवळी झाली. ब्रह्मदेश-थायलंडकडचे बौद्ध भिक्षू चीवर रंगवायला याच गाभ्याचा काढा करत आले आहेत.

१० डिसेंबर

तिसऱ्या फळीत, पाचव्या फुटावर, ठिणगी आणि एक करकर. लगेच थ्रॉटल सोडला. फळी पुढे चिरवेना. पाचर मारून चीर उघडली आणि आतून तीन इंची खिळा निघाला. खिळ्याभोवती वीतभर लाकूड शाईसारखं काळं. फणसावर मिरवेल चढवलेला होता आणि कधीकाळी गोठ्याला वीज न्यायला याच झाडाला तार बांधलेली. तो खिळा झाडाने पंधरा-वीस वर्षांत पूर्ण गिळला.

चौदा दात गेले. चेन बदलली. आता प्रत्येक चिरेआधी लोहचुंबक दोरीला बांधून ओंडक्यावरून फिरवतोय. वरच्या इंचभरातलं लोखंड त्याला कळतं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

१३ डिसेंबर

पाचवी आणि सहावी फळी एका बाजूला जाड. उजव्या कडेला दोन इंच, डाव्या कडेला दोन इंच चार सूत. चौकट तपासली, स्क्रू घट्ट. बार काढून सपाट काचेवर ठेवला, सरळ आहे. मग व्हर्नियर घेऊन दात मोजले. डावीकडचे ९.२, उजवीकडचे ८.४ मिलिमीटर. मी उजव्या हाताचा. एका बाजूचे दात घासताना हात नैसर्गिक जोराने जातो, दुसऱ्या बाजूला अवघडतो. रोज थोडा थोडा फरक साचत गेला आणि लांब दातांच्या बाजूला चेन ओढली जाऊ लागली.

सगळ्यात लहान दात शोधून त्या मापाला बाकीचे आणले. दोन तास, आणि डोळ्यादेखत चेनचं आयुष्य कमी होताना पाहणं वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग नाही. आता दर तिसऱ्या धारेला मापतो. बारच्या दोन्ही कडांना बाहेर आलेली बारीक झालर चपट्या कानशीने काढली, खाच पत्र्याच्या तुकड्याने साफ केली, बार उलटा करून बसवला. खाचेत भुसा आणि फणसाचा चीक मिळून राळेसारखा घट्ट गोळा झाला होता. चेन रात्रभर रॉकेलमध्ये.

एक गोष्ट फसली तीही लिहून ठेवतो. वेग वाढावा म्हणून रेकर थोडे जास्त घासले, ०.९ पर्यंत. चेन लाकडाला चावे घ्यायला लागली, कटर हातात गचके देऊ लागला, फळीवर पत्र्याच्या पन्हाळ्यांसारख्या लाटा उमटल्या आणि रुंद भागात इंजिन दोनदा बंद पडलं. सुक्या टणक लाकडात ०.६५ च्या खाली जाऊ नये, माझ्या ७२ सीसीने तर नाहीच. दात घासून घासून रेकरच्या मापापर्यंत खाली येतील तेव्हा ती चेन परत बरोबर होईल.

१७ डिसेंबर

ओंडक्याचा पोटाचा भाग आला, पंचवीस इंच पूर्ण. इथे कटर सर्वात जास्त दमतो. रुंद चिरेत प्रत्येक दातापुढे छिलका साठतो आणि बाहेर पडायला जागा मिळत नाही. बाहेरदेशी यासाठी कमी दातांची, स्किप प्रकारची चेन मिळते. दोन दातांनंतर एक जागा रिकामी.

खिळ्याने खराब झालेली चेन पडून होती. ग्राइंडरवर दर तिसऱ्या दाताचं पातं आणि रेकर घासून काढलं, कडी तशीच ठेवली. एक डावा, मग एक उजवा असे आपोआप आळीपाळीने जातात, त्यामुळे तोल बिघडत नाही. गेलेल्या चौदांपैकी काही त्यातच संपले, काहींना घासून धार परत आली. ४९ चे ३३ उरले.

नऊ फूट, पंचवीस इंच रुंद, बारा मिनिटं. पहिल्या दिवशी यापेक्षा अरुंद चिरेला सतरा लागली होती. इंजिन तेच, पेट्रोल तेच. फळीचा पृष्ठभाग जरासा खरबरीत, पण रंधा मारायचाच आहे. सोळा दात काढून टाकल्याने पाच मिनिटं वाचली. नव्वद सीसीसाठी कर्ज काढलं नाही याचं आज समाधान आहे.

२० डिसेंबर

काम संपलं. दोन इंची चार फळ्या चौकटींसाठी, सव्वा इंची सहा दारासाठी, वर-खाली एकेक फाळका. अकरा चिरा. प्रत्येक चीर नऊ मिलिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर, चार इंच लाकूड भुशात गेलं. मिलच्या पट्टी करवतीने इंचभरच गेलं असतं. ही या पद्धतीची खरी किंमत आहे आणि ती मला डाचते. बारीक, लो प्रोफाईल चेनने सात मिलिमीटरची चीर पडते, म्हणजे या ओंडक्यात जवळजवळ इंचभर लाकूड वाचलं असतं. पण त्यासाठी वेगळा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि वेगळा बार लागतो. पुढचं झाड पडलं तर आधी ते करीन.

साधारण एका फळीला एक टाकी पेट्रोल, दर टाकीला धार. “अजून कापतेय” म्हणून पुढे ढकललेली प्रत्येक धार नंतर दुप्पट वेळ खाऊन गेली. दर टाकीला एअर फिल्टरही झटकला, कारण चिरताना भुसा पिठासारखा असतो आणि फिल्टर तुंबला की मिश्रण बदलतं, जुळवलेला एच वाया जातो. कानाला मफ, तोंडाला मास्क. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, नाहीतर सायलेन्सरचा धूर सगळा नाकात.

२१ डिसेंबर

मांगरात (शेतघरात) थप्पी लावली. खाली चिऱ्यांवर वासे, पाणसळीत. फळ्यांमध्ये दर दीड फुटाला इंचभर जाड सुक्या पट्ट्या, सगळ्या एकावर एक बरोबर उभ्या रेषेत. पट्टी जरा सरकली तर फळी तिथेच वाकते. तोंडांना चिरल्या दिवशीच उरलेला ऑइलपेंट दोन हात मारला होता. पांढऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने, भुंगा लागू नये म्हणून. वर दोन जड चिरे.

काका प्रत्येक फळीवरून तळवा फिरवत गेले. जुनं दार दाखवून म्हणाले, “ह्या दार तुझ्या पणज्यान करून घेतल्यान. चार दिस करवत्ये लागले.” एक माणूस ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, मध्ये लांब करवत. जुन्या दाराच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी रंधा मारला नव्हता, तिरप्या ओरखड्यांच्या रांगा अजून दिसतात. आमच्या फळ्यांवरचे ओरखडे सरळ आहेत, कडेपासून कडेपर्यंत.

१८ जानेवारी २०२६

मॉइश्चर मीटरवर सव्वा इंची फळ्या २४ टक्के, दोन इंची ३१. चिरल्या दिवशी मीटर चाळिसाच्या पुढे दाखवत होता. इंचाला वर्ष हा ढोबळ हिशोब धरला तर दाराच्या फळ्या पुढच्या पावसानंतर, चौकट त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात. पावसात आकडा पुन्हा चढेल, तेव्हा मांगराची पश्चिमेची बाजू ताडपत्रीने बंद करायची आहे, पूर्वेची उघडी ठेवून. एका फळीला टोकाशी सहा इंचांची नवी भेग. बाकी नऊ सरळ आहेत.

पिवळा रंग मावळतोय. वरच्या फळीला मांगराच्या कौलातून उन्हाचा कवडसा रोज तासभर लागतो, आणि तेवढ्याच जागी ताटाएवढा मधाच्या रंगाचा डाग उमटला आहे. खिळ्याच्या काळ्या डागाची फळी काकांनी वेगळी काढायला सांगितली आहे. ती दारात वरच्या अंगाला बसवणार म्हणतात, कडीच्या जवळ.

कटरमधलं पेट्रोल काढून, कोरडा चालवून, बार-चेन उतरवून तेलात ठेवली. शेजारच्या वाडीत एक आंबा मेमध्येच पडलेला आहे. त्याचा घेर उद्या मोजायला जायचं आहे, चुंबक घेऊन.